नव्वदला हलणारी गाडी

आमच्या गावाहून कारंज्याला जाणाऱ्या रस्त्यावर नव्वदच्या वेगाने फक्त बातमी जाते. बाकी सगळं तिसऱ्या गिअरमध्ये. त्यामुळे सेकंडहँड घेतलेली आपली गाडी नव्वदला काय करते, हे मला चार वर्षं ठाऊकच नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. घर ते शाळा, शाळा ते वावर, आणि वावरात जायला पांदण. पांदणीत चाळीस म्हणजे गाडी विकायला काढल्यासारखं.

मग समृद्धी महामार्ग आला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा तुकडा सुरू झाला, आणि गावातल्या प्रत्येक चारचाकीवाल्याला नागपुरात अचानक कामं निघू लागली. आमचंही निघालं. गेल्या श्रावणात सौच्या भावाकडे राखीला निघालो. कारंज्याला वर चढलो, समोर सरळसोट काँक्रीट, कारला 120 ची परवानगी. मी आयुष्यात पहिल्यांदा पाचवा गिअर मनापासून टाकला.

पंच्याऐंशीला बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. मला वाटलं, बीपीची गोळी राहिली. नव्वदला थरथर मनगटात आली. पंच्याण्णवला स्टेअरिंग असं हलायला लागलं, जसं काही पिठाच्या चक्कीच्या पट्ट्यावर हात ठेवलाय. डॅशबोर्डवरचा गणपती डावी-उजवीकडे मान हलवू लागला.

"अहो, बाप्पा नाही म्हणून राहिले," सौ म्हणाली. "हळू घ्या."

घाबरून ब्रेक दाबायच्या ऐवजी माझा पाय चुकून अ‍ॅक्सिलरेटरवरच राहिला आणि गाडी एकशे दहाला गेली. तर काय, सगळं शांत. बाप्पाही स्थिर. म्हणजे गाडी ऐंशीला चांगली, एकशे दहाला चांगली, आणि मधल्या तीस किलोमीटरमध्ये तिच्या अंगात येतं. नागपूरपर्यंत मी एकतर बैलगाडीसारखा गेलो नाहीतर विमानासारखा. मधला मार्ग सौने बंद केला होता.

परत आल्यावर गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने बसस्टँडपर्यंत ट्रायल मारली. तीन स्पीडब्रेकर, एक गाईंचा कळप आणि ग्रामपंचायतीने पाइपासाठी खोदलेली नाली धरून जास्तीत जास्त वेग अडतीस.

"कुठी हालते सर? गाडी तं लोण्यासारकी चालून रायली."

"अरे, नव्वदला हलते."

त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मंग नव्वदनं काहून चालवता?"

आमच्या लहानपणी एक म्हैस होती. ती फक्त आईलाच लाथ मारायची. गिऱ्हाईक पाहायला आलं की शेजारच्या पोरानेही धार काढावी अशी उभी. तशी ही गाडी. हिचा आजार पाहायचा तर हिला बावीस किलोमीटर दूर न्या, टोल भरा, वर चढा, आणि तिथे पाहणारं कोणी नाही.

पानठेल्यावर मात्र पाहायची गरज कोणालाच नव्हती. तिथे न पाहताच निदान होतं. कोणी म्हणालं हवा जास्त भरली, कोणी म्हणालं इंजिनाचं फाउंडेशन गेलं. सर्वांत थोर निदान आबाजींचं. खर्रा घोटता घोटता ते म्हणाले, "अरे बाप्पा, नव्वदीत सगळ्यायचंच हालते. मी आता अठ्ठ्याऐंशीचा हाओ. दोन वर्सांनी मायेबी टोंगळे पाहून घेजो."

तेवढ्यात नागपूरहून साळेबुवांचा फोन. "दाजी, अलाइनमेंट करून घ्या." ते आयटीत आहेत, म्हणून त्यांचं ऐकायची आमच्याकडे पद्धत आहे. तालुक्याला गेलो.

इथे थोडं मास्तरपण करतो, कारण या दोन शब्दांच्या घोळात माझे बरेच पैसे गेले. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा. जोडीतला एक बैल बांधाकडे ओढत असला की तास वाकडं जातं, तशी गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकाच कडेने झिजतं. पण त्याने सहसा स्टेअरिंग थरथरत नाही. थरथरतं ते बॅलन्सिंगने. चाकाचं वजन चहूकडून सारखं नसलं की ते फिरताना झटके देतं. माझ्या चौदा इंची रिमवर 60 ग्रॅम, म्हणजे साधारण एका लिंबाएवढं वजन एका बाजूला जास्त असलं, तर गाडी शंभरला असताना चाक सेकंदाला पंधरा वेळा फिरतं आणि ते लिंबू दर फेरीला सुमारे दहा किलोच्या जोराने चाकाला ओढतं. वेग निम्मा केला की जोर पाव होतो. म्हणून बसस्टँडपर्यंत लोणी. आणि एका ठराविक वेगाला हे झटके गाडीच्या पुढच्या भागाच्या स्वतःच्या डोलण्याशी जुळतात, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त हलतं, पुढे गेलं की कमी. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा मी फक्त मान हलवत होतो, बाप्पासारखी.

तालुक्याच्या दुकानातल्या पोराने दोन्ही केलं. चाक मशीनवर चढवलं, गरगर फिरवलं, रिमच्या कडेला टकटक करत वजनं ठोकली. मशीनवर दोन शून्यं आली. समृद्धीवर गाडी नेली, खरंच शांत. पानठेल्यावर मी सर्वांना चहा पाजला.

आठ दिवसांनी ऊन पडलं आणि गाडी पुन्हा हलायला लागली. आधीपेक्षा जोरात, तीही ऐंशीपासूनच.

आता मिस्त्रीला वर नेण्याशिवाय इलाज नव्हता. आणि तेव्हा कळलं की तो समृद्धीवर कधी गेलेलाच नाही. त्याच्याकडे मोटारसायकल, आणि तिथे दुचाकीला बंदी. गेली काही वर्षं तो हा महामार्ग फक्त खालून, बोगद्यातून पाहत होता. रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

वर चढल्यावर पहिले पाच मिनिटं तो काही बोललाच नाही. खिडकीतून पाहत राहिला. नव्वद झाले, स्टेअरिंग थडथडायला लागलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"हालते ना सर! लय हालते!"

इतक्या महिन्यांत मला कोणीतरी खरं मानलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मग मात्र माणूस कामाला लागला. "न्यूट्रल करा." केलं. गाडी आपल्या वेगात घरंगळत होती, तरी थडथड चालूच. "म्हंजे इंजिन नाई. आता हळूच ब्रेक." दाबला. थडथड वाढली नाही. "डिस्कबी नाई. ब्रेक मारल्यावरच हालली असती तं डिस्क वाकडी." मग तो डोळे मिटून सीटवर टेकला, जणू नाडी पाहतोय. "बुडाले नाई लागत, हातालेच लागते. म्हंजे मांगचे चाकं चांगले. पुढचं आहे." मी थक्क. या माणसाला मी तीन महिने अडतीसच्या वेगाने जोखत होतो.

"एकदा अजून मारा सर नव्वद," तो म्हणाला. मी मारली. "अजून एकदा." आणि या भानगडीत वळायचं राहूनच गेलं. समृद्धीवर मध्येच कुठे वळून मागे येता येत नाही, पुढच्या उताराला उतरावं लागतं. आमचा उतार शेलू बाजारला लागला. टोल तिथे किलोमीटरच्या हिशेबाने कापला जातो, आणि मोबाइलवर तो मेसेज आला तेव्हा मिस्त्री आलूबोंड्याची दुसरी प्लेट सांगत होता. येताना पुन्हा टोल. पण त्याला अख्खी समृद्धी दोनदा पाहायला मिळाली.

सोमवारी सकाळी गाडी जॅकवर. डावं पुढचं चाक धरून त्याने आधी वर-खाली, मग आडवं हलवून पाहिलं. बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग ठीक. टायरला कुठे फुगा आलाय का म्हणून हात फिरवला. नव्हता. मग चाक खोलून उलटं केलं.

रिमच्या आतल्या बाजूला माझं वावर होतं. काळी माती, पांदणीतली, पावसाळाभर थर बसून वाळलेली. वर टायरच्या खुणा नाहीत, ओरखडे नाहीत, गुळगुळीत, सारवल्यासारखी. एका बाजूला टवका उडालेला, आणि जिथून उडाला तिथे पऱ्हाटीची एक काडी अर्धी आत रुतून बसलेली. आमची माती ओली असली की चप्पल सोडत नाही, वाळली की हातोडी लागते. मिस्त्रीने खुरपं मागवलं. निघालेलं ढेकूळ मी समोरच्या किराणा दुकानात तोलून आणलं. 110 ग्रॅम. दुकानदाराने सवयीने विचारलं, "पुडी बांधू?"

आता दुखणं गेलं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. रस्त्यावर आलो आणि स्टेअरिंग सत्तरलाच थडथडायला लागलं.

मी गाडी बाजूला घेतली. मिस्त्री वजनांकडे पाहत बराच वेळ उकिडवा बसला. मग हसायला लागला. तालुक्याच्या पोराने रिम न धुताच बॅलन्सिंग केलं होतं. म्हणजे त्याने चाकाचा नाही, माझ्या मातीचा तोल साधला होता! मातीच्या विरुद्ध बाजूला तिला तोलतील तेवढी वजनं. ऊन पडल्यावर अर्धी माती गळली, तोल अर्धा बिघडला. आज आम्ही उरलेली काढली, आणि आता तिकडे नुसतीच वजनं.

पण यात एक मोठीच सोय झाली. आजार सत्तरवर आला होता, आणि सत्तर आमच्या रस्त्यावरही, सकाळी सहाला, गुरं निघायच्या आत गाठता येतात. दुसऱ्या दिवशी मी एकेकाला बसवून गाडी हलवून दाखवली. पानठेलेवाला मानला, सौ मानली. आबाजी म्हणाले, "हे तं काईच नाई. शकुंतलात बसला असता तं?" शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची नॅरो गेजची गाडी होती. 1994 साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं तरी तिचं हलणं काही गेलं नाही, आणि तिचं बॅलन्सिंग करावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. लोक तिच्यात झोपायचे.

चारही चाकं आतून धुऊन पुन्हा तालुक्याला गेलो. पोराने आधीची वजनं उपटली आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवली. 85 ग्रॅम. नव्याने लागले फक्त दहा. पैसे मात्र पूर्ण घेतले.

शनिवारी संध्याकाळी मिस्त्रीला फोन करून सांगितलं, झालं काम, उद्या मी एकटाच वर जाऊन पाहून येतो.

"एकटे नका जाऊ सर," तो काळजीने म्हणाला. "इकडल्या रोडवर काई समजत नाई, अन् तुमाले नाडी पाहता येत नाई. मेहकरपर्यंत तरी ट्रायल माराच लागंन."

सकाळी सातला फाटकाशी हॉर्न ऐकू आला. माझ्याच गाडीचा. बाहेर येऊन पाहतो तर मिस्त्री पुढच्या सीटवर, आणि मागे त्याची बायको, दोन पोरं आणि मांडीवर चार पुडाचा डबा.