आळशी नाहीत हो ती मुलं!

"आळशी झालाय नुसता!" शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाबद्दल आज पुन्हा हेच ऐकलं आणि डोकं सणकलं. अहो, आळशी नाही तो, त्याची झोप झालेली नाही! वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. म्हणून लवकर दिवा मालवला तरी ही पोरं टक्क जागी असतात. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सातचा तास गाठायचा तर ती आणायची कुठून? शाळा, मग क्लास, मग सराव परीक्षा, रात्री पुन्हा पुस्तक. वर आपणच सांगायचं, "दोनच वर्षं कळ काढ, मग झोप हवं तेवढं." संताप होतो माझा! वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते. तीच कापून कसला अभ्यास वाढवताय?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्येच सांगितलं होतं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियात काही ग्रामीण भाग वगळता हायस्कूलसाठी २०२२ पासून तसा कायदाच लागू आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं! आपण मात्र दर वर्षी नवी तुकडी घेऊन तीच पहाट आणि तेच तारवटलेले डोळे बघत बसतो. आणि पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकलं की बोलणी खायची कोणी? त्या पोरानेच.