युरी लुत्सेंको बायडन यांचा माणूस होता का?

युक्रेन आणि बायडन यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फॉरवर्ड होतो. ‘बायडन यांनी मुलाला वाचवायला प्रामाणिक सरकारी वकील शोकिन यांना हटवलं. त्यांच्या जागी तुरुंगात जाऊन आलेला चोर माजी गृहमंत्री युरी लुत्सेंको बसवला, त्याच्याकडे कायद्याची पदवीही नव्हती. त्याने बुरिस्मा कंपनीची केस दाबली आणि शेवटी स्वतःच सगळं कबूल केलं.’ (बायडन तेव्हा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते आणि त्यांचा मुलगा हंटर बुरिस्मा या युक्रेनियन गॅस कंपनीचा संचालक होता.)

आधी ‘चोर’ हा शब्द घेऊ. लुत्सेंको रिव्नेचे, ल्विव्हमध्ये शिकलेले इंजिनिअर. राष्ट्राध्यक्ष कुचमा यांच्याविरोधातल्या आंदोलनात आणि २००४च्या ऑरेंज क्रांतीत, म्हणजे निवडणुकीतल्या घोटाळ्याविरुद्धच्या जनआंदोलनात, ते पुढे होते, म्हणून २००५मध्ये गृहमंत्री झाले आणि २००७च्या अखेरीस पुन्हा. २०१०मध्ये विरोधी गटाचे यानुकोविच राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला लुत्सेंकोंना घराजवळून उचललं गेलं. आरोप काय? आपल्या ड्रायव्हरला नियम डावलून सवलती दिल्या, पोलीस दिनाच्या कार्यक्रमावर सरकारी पैसा उधळला. एवढ्यावर २०१२मध्ये चार वर्षांची शिक्षा. त्यांना कोठडीत टाकायला सरकारी पक्षाने दिलेली कारणं तर वाचण्यासारखी आहेत: ते केसचे कागद सावकाश वाचतात आणि माध्यमांना मुलाखती देतात! युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ही अटक मनमानी ठरवली. आरोप जाहीरपणे नाकारले म्हणून शिक्षा देण्याचा हा प्रयत्न होता, असं म्हटलं आणि १५,००० युरो द्यायला लावले. निकाल अटकेबद्दल होता, दोषी ठरवण्याबद्दल नव्हे, हे खरं. पण एवढं माहीत असूनही त्यांना सरसकट चोर म्हणणं हा अन्याय आहे. एप्रिल २०१३मध्ये यानुकोविच यांनाच माफी देऊन त्यांना सोडावं लागलं.

पदवीचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो गंभीरही आहे. १२ मे २०१६ रोजी संसदेने कायद्याच्या शिक्षणाची अट काढून टाकली आणि त्याच दिवशी लुत्सेंको प्रॉसिक्युटर जनरल, म्हणजे देशाचे मुख्य सरकारी वकील झाले. एका माणसासाठी कायदा वाकवला गेला. पण वाकवला कोणी? राष्ट्राध्यक्ष पोरोशेंको यांच्या बहुमताने, आणि लुत्सेंको त्यांच्याच पक्षाचे संसदेतले नेते होते. बायडन यांनी पुढे नव्या नेमणुकीचं कौतुक केलं, हेही लपवायचं कारण नाही. तरी नाव पोरोशेंकोंनी पुढे केलेलं, माणूसही त्यांचाच.

शोकिन यांना काढा, असं बायडन एकटे म्हणत नव्हते. युरोपीय संघ, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि कीव्हमधले भ्रष्टाचारविरोधी कार्यकर्ते, सगळ्यांचीच तक्रार होती की ते भ्रष्टाचाराच्या केसेस पुढे सरकू देत नाहीत. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेचे युक्रेनमधले राजदूत जेफ्री पायट ओडेसा शहरात जाहीरपणे बोलले: बुरिस्माचे मालक झ्लोचेव्हस्की यांचे २.३ कोटी डॉलर ब्रिटनने गोठवले होते, पण युक्रेनच्या सरकारी वकिलांनी कागदपत्रं दिली नाहीत म्हणून ते पैसे मोकळे झाले. जबाबदारांवर कारवाई करा. बुरिस्माला वाचवायचं असतं तर अमेरिकेच्या राजदूताने भर सभेत हे नाव घेतलं असतं का? शिवाय झ्लोचेव्हस्कींवरचे मुख्य आरोप ते मंत्री असतानाच्या काळातले. हंटर बायडन संचालक झाले २०१४मध्ये, म्हणजे नंतर.

राहिली ‘कबुली’. मार्च २०१९मध्ये लुत्सेंको एका अमेरिकी मुलाखतीत म्हणाले की युक्रेनमधल्या अमेरिकी राजदूत मारी योव्हानोविच यांनी ‘यांच्यावर खटले भरू नका’ अशी यादी दिली होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हे धादांत खोटं असल्याचं सांगितलं. महिनाभरातच लुत्सेंकोंनी सूर बदलला: यादी आपणच मागितली होती. मे महिन्यात त्यांनी ब्लूमबर्गला सांगितलं की बायडन पिता-पुत्रांनी गैर काही केल्याचा पुरावा नाही. हे शेवटचं वाक्य त्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

लुत्सेंकोंना धारेवर धरायचंच असेल तर दुसरी कारणं भरपूर आहेत. खेरसोनच्या कार्यकर्त्या कातेरिना हांदझ्युक यांच्यावर जुलै २०१८मध्ये ॲसिड फेकलं गेलं, नोव्हेंबरमध्ये त्या गेल्या. हल्ला करवणारे सापडत नाहीत म्हणून लोक संतापले, तेव्हा लुत्सेंकोंनी राजीनामा देऊ केला. पोरोशेंकोंनी तो स्वीकारला नाही. आणि ती यादीची गोष्ट: योव्हानोविच यांना मे २०१९मध्ये माघारी बोलावलं गेलं, त्याआधी त्यांच्याविरुद्ध महिनोन्‌महिने चाललेल्या मोहिमेत लुत्सेंकोंचा हात होता. एका प्रामाणिक अधिकाऱ्याची बदनामी त्यांनी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, नवे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्या काळात, त्यांचंही पद गेलं.