खुलासा: '१८३ दिवसांच्या आत परतला तर कर नाही' हा मेसेज अर्धवट आहे

एचआरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: परदेशी कामाला पाठवलेला कर्मचारी १८३ दिवसांच्या आत परतला, तर तिथे कर लागत नाही आणि कंपनीलाही काही करावे लागत नाही. हे चुकीचे आहे.

हा आकडा ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या नमुना करकरारातल्या कलम १५ मधला. एकाच पगारावर दोन देशांत कर लागू नये म्हणून देश आपसांत जे करार करतात, त्यांतले बरेच या नमुन्यावर बेतलेले असतात. पण तिथे अटी तीन आहेत आणि तिन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. मुक्काम १२ महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त नको. पगार देणारा मालक त्या देशाचा रहिवासी नको. आणि पगाराचा बोजा मालकाच्या तिथल्या कायमस्वरूपी आस्थापनेवर (म्हणजे तिथली शाखा, कार्यालय, कारखाना अशा ठिकाणावर) पडायला नको. घोळ बहुधा दुसऱ्या अटीत होतो. पगार मूळ कंपनी देते, पण तिकडची समूह-कंपनी काम करवून घेते आणि खर्च भरून देते. अनेक देश मग तिलाच खरा मालक धरतात, आणि कर पहिल्या दिवसापासून लागू शकतो.

दिवस मोजताना येण्याजाण्याचे दिवस, शनिवार-रविवार, तिथेच घेतलेली रजा, सगळे धरतात. काही करार १२ महिन्यांऐवजी करवर्षावर मोजतात, म्हणून त्या दोन देशांमधला मूळ करार वाचाच. करारच नसेल तर ही सवलतही नाही.

कामाचा परवाना आणि सामाजिक सुरक्षा (पेन्शन, आरोग्यविमा वगैरेंची वर्गणी) हे विषय पूर्ण वेगळे. युरोपीय संघातल्या एका देशातून दुसऱ्या देशात पाठवताना ए-१ प्रमाणपत्र (कर्मचाऱ्याला कोणत्या देशाची सामाजिक सुरक्षा लागू आहे याचा दाखला) अगदी थोड्या दिवसांच्या कामासाठीही लागते.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर या तीन अटी टाका. चुकलेल्या मोजणीचा दंड आणि मागचा कर कर्मचाऱ्याच्याही माथी येतो.