कंपनीची गाडी आणि लॉगबुकाचा राग

नागपूरच्या मित्रांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. बुटीबोरीच्या एका कारखान्याने अधिकाऱ्यांना दिलेल्या गाड्यांना लॉगबुक, म्हणजे प्रत्येक फेरीची नोंदवही, सक्तीचं केलं. लगेच सूर निघाला, ‘गाडी देली तं देली, आता हिशोब कायले मागून राहिले?’ हे वाचून दरवेळी माझं डोकं फिरतं.

गाडी ही बक्षिसी नाही, पगाराचाच भाग आहे. 2025-26 पर्यंतच्या आयकर नियमांत 1.6 लिटरपर्यंतच्या इंजिनाची गाडी घरी-कामाला दोन्हीकडे वापरली आणि खर्च कंपनीने उचलला, तर करपात्र रक्कम महिन्याला 1800 रुपये. ड्रायव्हर असेल तर आणखी 900. डिझेल कितीही जाळा, आकडा तोच. इथे जर्मनीत, मी राहतो त्या स्टुटगार्टला, 45,000 युरोच्या पेट्रोल-डिझेल गाडीवर दरमहा किमतीचा एक टक्का, म्हणजे 450 युरो पगारात धरतात. शिवाय घर ते ऑफिस अंतराच्या दर किलोमीटरला 0.03 टक्के. वीस किलोमीटरला 270. एकूण 720 युरोंवर कर. गाडी जुनी घेतली तरी किंमत नव्या गाडीचीच धरायची. ऑफिसला महिन्यात पंधरा दिवसांपेक्षा कमी जाणाऱ्याने फेरीनिहाय 0.002 टक्क्यांचा हिशोब मागावा. सहा दिवसांचे 270 ऐवजी 108 होतात.

या ठोक हिशोबातून सुटायचं तर लॉगबुकाची वही. पण महिनाअखेरीस एक्सेलमध्ये भरलेली वही आमच्याकडे चालत नाही. गफलत बऱ्याचदा एकाच जागी पकडली जाते: सर्व्हिसिंगच्या बिलावरचं रीडिंग आणि त्या तारखेचं वहीतलं रीडिंग जुळत नाही. मग अख्ख्या वर्षाची वही बाद होऊ शकते आणि पुन्हा एक टक्का. नागपुरात तर फास्टॅगच वेळेसकट सगळं सांगतो. समृद्धीवर गाडी रविवारी दिसली आणि वहीत ‘बुटीबोरी प्लांट’ असेल, तर खुलासा काय देणार?

दर सहा महिन्यांनी कंपनीला लायसन्स दाखवण्यालाही तिकडे नागपुरात अपमान म्हणतात. अरे, आरसीवर नाव कंपनीचं आहे! मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड आणि बारा महिने नोंदणी रद्द. आपल्याला ठाऊक नव्हतं किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकानेच सिद्ध करायचं. कशाच्या जोरावर? चावी कोणाकडे होती हे सांगणाऱ्या कागदाच्याच. आणि सिग्नल तोडल्याचं चालान आलं की तोच कागद तुम्हालाही वाचवतो, कारण गाडी त्या वेळी दुसऱ्याकडे होती हे त्यात लिहिलेलं असतं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. उत्तर एका ओळीचं आलं, ‘आमच्याकडे म्हंजे कोणाकडे, भाऊ?’

लागलं ते. कराच्या बाबतीत ‘आमच्याकडे’ म्हणताना मला जर्मनी आठवते, आणि रागावताना नागपूर. परक्या गावाच्या लॉगबुकासाठी मी असा तळमळलो नसतो. मी नसताना तिथली माणसं कुठल्या कागदावाचून अडकू नयेत, एवढंच मनात होतं, आणि ते सांगताना आवाज वरचा लागला. खुलासा न करता ग्रुपवर पान आखून टाकलं: तारीख, सुरुवातीचं रीडिंग, शेवटचं रीडिंग, कुठे, कोणाकडे, कशासाठी, खर्च, सही.