चतुर्मुखाची आराधना

ब्रह्मदेव चार तोंडांचा, पण आपल्याशी कधी एका तोंडानेही बोलत नाही. जुन्या व्ही-एट गाडीवरचं फोर-बॅरल कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं चार तोंडांचं यंत्र, मात्र चारही तोंडांनी बोलतं. खोकतं, शिंकतं आणि मनाविरुद्ध काही झालं की फाटकन उलटा बार काढतं.

निवडतानाच पहिला पेच पडतो. ज्याला विचाराल तो सांगतो, "मोठं घे!" हिशेब मात्र साधा आहे. इंजिनाचे क्युबिक इंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. माझं इंजिन ३५० क्युबिक इंचांचं, ते ५५०० पर्यंत फिरवलं तरी उत्तर येतं ५५७ सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा. तेही प्रत्येक सिलिंडर काठोकाठ भरला तर, आणि रस्त्यावरचं साधं इंजिन तेवढं भरत नाही. म्हणजे ६०० चं कार्बोरेटर पुरून उरतं. तरी सल्लागारांच्या तोंडी ७५० च्या खालचा आकडा येत नाही. घसा मोठा झाला की हवेचा वेग मंदावतो, व्हेंच्युरीतला, म्हणजे घशाच्या अरुंद भागातला, दाब पुरेसा उतरत नाही आणि पेट्रोल जेमतेम वर ओढलं जातं. मग पेडल दाबल्यावर गाडी निघण्याआधी क्षणभर विचारात पडते. पण हे ऐकून घ्यायला त्यांना वेळ कुठला!

पुढचा प्रश्न सेकंडरीचा, म्हणजे मागच्या दोन तोंडांचा. मेकॅनिकल सेकंडरी थेट पायाचं ऐकते, व्हॅक्यूमवाली इंजिनाला खरोखर हवा हवी असेल तेव्हाच उघडते. स्वतःच्या पायाचा स्वभाव ओळखून मी व्हॅक्यूमवाली घेतली.

खरी आराधना ट्यूनिंगची. जाणती मंडळी आधी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बघायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. कार्बोरेटरच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या असतात. तिथून सुटलात की मिक्श्चरचे, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे, दोन स्क्रू. हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. इंजिनाची ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा जिथे सगळ्यात वर चढेल तिथे थांबायचं. वाचायला किती सोपं! डावा जमला की उजवा रुसतो. उजव्याची समजूत काढावी तर आयडलिंग वाढतं. ते उतरवलं की काटाही उतरतो आणि पुन्हा डाव्यापासून सुरुवात.

त्यात बॉनेट उघडं दिसलं की प्रेक्षक जमतात. एकाने सायलेन्सरचा वास घेऊन "रिच आहे", म्हणजे पेट्रोल जास्त, म्हटलं, दुसऱ्याने त्याच धुराला "लीन", म्हणजे पेट्रोल कमी, ठरवलं. तिसऱ्याला वास येत नव्हता, पण मत होतं. त्यांचा वाद रंगला आणि माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

शेवटी मी स्पार्क प्लग काढला. प्लग खोटं बोलत नाही म्हणतात. काजळी धरली तर रिच, पांढराफटक पडला तर लीन, फिकट तपकिरी असेल तर जमलं. माझा प्लग नेमका मधल्याच कुठल्यातरी छटेचा होता. घरी बायको म्हणाली, बदामी. मुलगी म्हणाली, मातकट. मग दोघींनी भिंतीच्या रंगाचं शेडकार्ड काढलं आणि खिडकीशी नेऊन प्लग त्यावर सरकवत सरकवत छटा शोधून काढली. तिथे तिचं नाव 'वाळवंटातली सायंकाळ' असं होतं. त्यावर जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोक, मोठा घालायचा की लहान, हे कार्डावर छापलेलं नव्हतं.