रतनकिरी रिकामी नव्हती, काका: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट दोनदा वाचली, आणि एवढं सगळं खालच्या चौकटीत मावणार नाही म्हणून वेगळी पोस्टच लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कंबोडियाच्या पार ईशान्य टोकाला, लाओस आणि व्हिएतनामला चिकटून रतनकिरी नावाचा प्रांत आहे, त्यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. काकांनी आपल्या कोकणात तीस वर्षं काजूचा कारखाना चालवलाय, त्यामुळे त्यांना त्या लेखातलं बरंच खटकलं. नावाच्या साम्यावरून मी उगाच भारतीय संस्कृतीचा झेंडा रोवला, युद्ध दोन ओळींत उरकलं, डोंगर जाळून शेती करणाऱ्यांचं कौतुक केलं. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी लिहिलं, "पावणेअकरा हजार चौरस किलोमीटरात जेमतेम दोन लाख माणसं म्हणजे जमीन रिकामीच की, तिथे रबर आला, काजू आला तर बिघडलं कुठे?"

पहिल्या दोन गोष्टी मान्य, अगदी मनापासून.

नावाचं आधी सांगते. मी स्वतः रत्नागिरी जिल्ह्यातली, त्यामुळे नकाशावर रतनकिरी वाचल्यावर माझं भान सुटलं हे खरंय. अर्थ तोच, रत्नांचा डोंगर, शब्दही संस्कृतातून ख्मेरमध्ये, म्हणजे कंबोडियातल्या बहुसंख्य ख्मेर लोकांच्या भाषेत, गेलेले. पण मी ते असं लिहिलं की जणू हजार वर्षांपूर्वी कुणी आपला माणूस तिथे जाऊन नाव ठेवून आला. तसं काही नाही. हा प्रांतच मुळी १९५९ सालचा आहे, स्टुंग त्रेंग प्रांताचा पूर्वेकडचा तुकडा काढून केलेला, आणि नाव नोम पेन्हच्या सरकारने दिलेलं. त्याच्या आधी १९०४ पर्यंत तर हा भाग फ्रेंचांच्या हिशोबात लाओसमध्ये होता. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे तांपुआन, जराई, क्रुंग, ब्राव, काचोक हे लोक, त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, त्यांना ना संस्कृत माहीत ना ख्मेर धड येत होती, आणि त्यांच्या डोंगराला राजधानीतल्यांनी आपल्या पसंतीचं भारदस्त नाव देऊन टाकलं. शेजारच्या मोंडुलकिरी प्रांताचंही तेच. रत्नं मात्र खरी आहेत हां, बोकेओ भागात झिरकॉन सापडतो, तापवला की सुंदर निळा होतो, लोक अजूनही माणूस जेमतेम उतरेल एवढ्या अरुंद विहिरी खणून तो काढतात.

आता युद्ध. दोन ओळींत उरकलं कारण मला भीती वाटते की कंबोडिया म्हटलं की लोक तेवढंच वाचतात. पण तुमचं बरोबर आहे, ते सोडून हा प्रांत कळत नाही. म्हणून आता नीट सांगते, आणि तुमच्या त्या "रिकामी" शब्दाचं उत्तरही त्यातच आहे.

प्रांत केल्याबरोबर सरकारला इथली लाल माती दिसली. बानलुंगच्या, म्हणजे प्रांताच्या आताच्या राजधानीच्या, आसपासची जमीन जुन्या ज्वालामुखीची, बेसॉल्टची, लालभडक आणि सुपीक (आपला जांभा पण बेसॉल्टचीच लेक, म्हणून तिथे उतरल्यावर पायाला लागलेली धूळ बघून मला घरचीच वाटली). सरकारच्या दृष्टीने ही जमीन रिकामी होती, म्हणून १९६०च्या दशकात लाबानसिएकला सरकारी रबर मळा काढला, खालच्या मैदानातली ख्मेर कुटुंबं आणून वसवली, आणि डोंगरातल्या गावांना हटवलं किंवा मळ्यावर राबायला लावलं. १९६८ला लोक उठले. सैन्य आलं, गावं जाळली. त्याच सुमारास पोल पोट आणि त्याची माणसं याच जंगलात तळ देऊन होती, १९६६-६७ पासून. चिडलेली, घर गेलेली पोरं त्यांना आयती मिळाली. म्हणजे ख्मेर रूजच्या, पोल पोटच्या या कम्युनिस्ट संघटनेच्या, सुरुवातीच्या फौजेत डोंगरातली मुलं का होती याचं उत्तर शोधायला विचारसरणीत फार खोल जायला नको, एका रबर मळ्याच्या हद्दीपर्यंत गेलं तरी पुरतं.

मग १९६९च्या मार्चपासून अमेरिकेची गुप्त बॉम्बफेक. व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेत नेणाऱ्या हो ची मिन्ह मार्गाच्या वाटा इथूनच जायच्या म्हणून. तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात त्या पट्ट्याला अमेरिकन सैन्याने सांकेतिक नाव दिलं होतं "लंच". आणि हे पट्टे निर्मनुष्य आहेत असं अमेरिकन सरकार सांगत राहिलं. म्हणजे पुन्हा तेच, रिकामं! १९७०च्या जूनमध्ये कंबोडियाचा तेव्हाचा सत्ताधारी जनरल लोन नोल याचं सैन्य प्रांत सोडून गेलं, तेव्हा ख्मेर रूजचं राज्य इथे देशाच्या बाकी भागापेक्षा पाच वर्षं आधी सुरू झालं. बॉम्ब १९७३च्या ऑगस्टपर्यंत पडतच होते. जुनी राजधानी लुम्फात, स्रेपोक नदीकाठचं गाव, तिची इतकी वाताहत झाली की १९७९ नंतर कारभार बानलुंगला हलवला. आणि ज्यांनी डोंगरातल्या पोरांना हाताशी धरलं त्यांनीच पुढे त्यांच्या भाषा, त्यांचे विधी बंद केले, सगळ्यांना सामूहिक भातशेतीवर जुंपलं. कित्येक कुटुंबं तेव्हा लाओस आणि व्हिएतनाममध्ये पळाली.

आता डोंगर जाळण्याचं. काका, इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार.

त्यांची शेती म्हणजे चाम्कार. जंगलाचा एक तुकडा तोडायचा, वाळला की जाळायचा, तीनचार वर्षं त्यात भात घ्यायचा, आणि भातासोबत त्याच तुकड्यात भोपळे, मका, तीळ, मिरच्या, कापूस. मग तो सोडायचा आणि दुसरीकडे जायचं, दहापंधरा वर्षांनी परत त्याच जागी यायचं, तोवर तिथे पुन्हा जंगल उभं राहिलेलं असतं. आपल्याकडे कोकणापासून कारवारापर्यंत कुमरी होती, ती हीच. आणि सगळं जंगल काही तोडत नाहीत, देवाचं जंगल आणि मसणाचं जंगल वेगळं, त्याला हात लावायचा नाही, आपल्या देवराईत कोयता चालत नाही तसंच. बानलुंगजवळचं याक लोम तळं बघा, ज्वालामुखीच्या मुखातलं, जवळपास गोल, पन्नासेक मीटर खोल, काठावर अजून दाट झाडी. ती झाडी राहिली कारण तांपुआन लोकांनी ते तळं देवांचं मानलं. जाळून नासवायचंच असतं तर शेकडो वर्षांत नासवलं असतं ना?

म्हणजे मुद्दा असा की सोडलेला तुकडा हा सोडलेला नसतो, तो पाळीवर असतो. दहा हेक्टर पिकताना दिसण्यासाठी पंचवीस ते पन्नास हेक्टर विश्रांती घेत पडलेले असावे लागतात. बाहेरून आलेल्याला त्या पडीत फक्त झुडपं दिसतात. काका, आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये कमी झाली, निम्म्या वाडीला कुलपं, मुंबईकर गणपतीला येतात. त्या बंद घरामागच्या परड्यात गवत माजलंय म्हणून ते कुणी रिकामं धरून परस्पर विकलं तर तुम्ही गप्प बसाल का? तिथे नेमकं तेच झालं.

आणि आता तुमचा काजू. यात तुम्ही माझ्यापेक्षा शंभरपट जाणता, तरी हे ऐका. तिथल्या लोकांना काजू कुणी बंदुकीच्या धाकाने लावायला नाही लावला, त्यांनी आपणहून लावला, नगद पैसा येतो म्हणून, मुलांना शाळा आणि घराला पत्रा हवा म्हणून, आणि यात त्यांचं काही चुकलं असं मी कधीच म्हटलं नाही. पण भात काढल्यावर त्या तुकड्यात काजूची रोपं लावली की तो तुकडा पाळीतून कायमचा बाहेर जातो. झाड वीसपंचवीस वर्षं उभं राहणार. गावाची जमीन होती ती "याचा काजू, त्याचा काजू" होते, आणि जी एकाच्या नावाने ओळखली जाते ती विकता येते. १९९८च्या जनगणनेत प्रांतात ९४ हजार माणसं होती, २००८ला दीड लाख, आता दोन लाखांच्या वर, ही वाढ बरीचशी खालून येऊन जमीन घेणाऱ्यांची आहे. तरीही काजूच्या झाडाचा एक फायदा झाला हे पण मान्य करते, कंपनीचा बुलडोझर आला की पडीक दाखवून काही उपयोग नसतो, पण झाड दाखवता येतं, ही माझी म्हणून सांगता येतं.

कंपन्या म्हणजे रबराच्या. कायद्याने एका कंपनीला दहा हजार हेक्टरपर्यंत जमीन ९९ वर्षांसाठी देता यायची. २००१च्या त्याच जमीन कायद्यात आदिवासी गावांना सामूहिक मालकीचा हक्कही दिलेला आहे, पडीसकट. पण कागद मिळायला आधी तुम्ही आदिवासी आहात हे मंत्रालयाने मानायचं, मग गावाने संस्था म्हणून नोंदणी करायची, मग नकाशा. पहिले दाखले हातात पडले २०११ संपता संपता. दहा वर्षं! तेवढ्यात रबर कुठल्या कुठे पोचला, विराचेय नॅशनल पार्कच्या काही भागापर्यंत.

भाव कोण ठरवतं हे तर तुम्हाला सांगायलाच नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये दारोदार ताडपत्रीवर बी वाळत असते, मला तर क्षणभर लांज्याला उतरल्यासारखं झालं. पण गर काढायचे कारखाने सीमेपलीकडे. देशातली बहुतेक बी कच्चीच व्हिएतनामला जाते, इथून ७८ नंबरच्या रस्त्याने ओ याडावच्या नाक्यावरून ट्रक थेट पलीकडे. व्यापारी सांगेल तो दर, आणि बी घरात ठेवून वाट बघायची ऐपत कुणाकडे नाही. जगात सगळ्यात जास्त काजूगर निर्यात करणारा देश व्हिएतनाम, पण त्या पाकिटावर रतनकिरीचं नाव कुठे दिसत नाही.

प्रांतातून वाहणाऱ्या सेसान नदीचं लिहायचं राहिलंच होतं. वरच्या अंगाला व्हिएतनाममध्ये याली धबधब्यावर ७२० मेगावॅटचं धरण बांधलं, तेव्हापासून खालच्या गावांना पाणी कधी चढेल याचा नेम राहिला नाही, होड्या, जाळी, काठावरच्या भाज्या गेल्या, माणसंही वाहून गेली. धरण एका देशात आणि पूर दुसऱ्या देशात, त्यामुळे दाद कुठे मागायची हेच वर्षानुवर्षं कुणाला कळेना.

तर काका, नावाचा तो परिच्छेद मी आज रात्रीच बदलते आणि १९५९ घालते. युद्धाचा भाग वाढवते, वर लिहिलंय तेच तिथे टाकेन. चाम्कारवर लिहिलेलं मात्र एक अक्षर हलवणार नाही. आणि एक विचारायचं होतं, तुमच्याकडे आफ्रिकेतून बी यायची असं तुम्ही लिहिलंय, तर कधी कंबोडियाची पण आली होती का? आली असेल तर टरफल कसं होतं, गर किती पडायचा, जमलं तर सविस्तर लिहा.