खिडकीखालची गाडी

आज सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप येणार नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर दीड महिन्याचं बाळ आहे. त्याच्या खिडकीला लागूनच शेजारच्या काकांची गाडी उभी असते. वीस वर्षांची तरी असेलच. रोज सकाळी काका ती चालू करतात आणि गरम व्हायला तशीच सोडून घरात आवरायला जातात. आज मी खाली उतरले तेव्हा सायलेन्सरमधून निळा धूर येत होता आणि बाळाची आई आतून खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबत होती.

मला राहवलं नाही. काकांना म्हणाले, "काका, आता सोडा हिला. जुनी गाडी मोडीत काढली तर सरकारी योजनेत पैसे मिळतात." तर म्हणाले, "माझ्या गाडीला काय धाड भरलीय? चालतेय की. आणि ते पैसे म्हणजे कंपन्यांच्या नव्या गाड्या खपवायचे धंदे."

चालतेय की! हे दोन शब्द ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण आमच्या घरात हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं ऐकलेत.

बाबांची गाडी कार्ब्युरेटरवाली होती, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायची जुनी पद्धत. सकाळी चोक ओढायचा, दोन-तीनदा चावी फिरवायची, मग ती खोकत खोकत चालू व्हायची. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, सगळं जळत नाही, आणि अर्धवट जळलेलं ते सगळं मागून बाहेर पडतं. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या गाडीला नव्हताच. मागची बाजू बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली यायची. आईला दमा. ती एका शब्दाने बोलली नाही कधी. खिडकी लावायची, खोकायची, गाडी गेली की पुन्हा उघडायची. खिडकीच्या चौकटीवर काळा थर बसायचा, बोट फिरवलं की तेलकट लागायचं. आई तो दर आठवड्याला साबणाने पुसायची. पुसायची, म्हणजे तिला कळत होतं ना!

बाबा वाईट होते का? अजिबात नाही. आईसाठी रात्री दोन वाजता औषध आणायला धावणारा माणूस. पण गाडी म्हटलं की "चालतेय की." क्लच प्लेट बदलली, रेडिएटर दोनदा उघडला, पुढे इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या आणि गाडी इंजिन ऑइल प्यायला लागली, निळा धूर त्याचाच. तरी "चालतेय की." एकदा विकायला काढली होती. जो आकडा ऐकायला मिळाला त्याने ते इतके दुखावले की म्हणाले, एवढ्यात देण्यापेक्षा दारात राहू दे.

माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आहे. जुनी गाडी दारात राहते ती प्रेमाने कमी आणि विकून काही हाती लागत नाही म्हणून जास्त. आणि समजा विकली, तर धूर काय थांबणार होता? दुसऱ्या कुणाच्या तरी आईच्या खिडकीखाली गेला असता. गाडी नुसती हातातून जाऊन उपयोग नाही, ती रस्त्यावरूनच जायला हवी. तेवढ्यासाठी सरकारने पैसे दिले तर त्यात गैर काय आहे? रस्ते आपल्या पैशाने होतात, दवाखाने आपल्या पैशाने चालतात, मग त्या दवाखान्यात कमी माणसं जावीत म्हणून आपलाच पैसा खर्च झाला तर पोटात का दुखतं?

अमेरिकेने 2009 साली हे केलं. जास्त पेट्रोल खाणारी गाडी द्या, 3500 किंवा 4500 डॉलर नव्या गाडीच्या किमतीतून वजा. आधी एक अब्ज डॉलर ठेवले होते, ते बघता बघता संपत आले म्हणून तीन अब्ज केले, आणि महिन्याभरात पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या आल्या. त्या गाड्यांचं इंजिन मारायची पद्धत ठरलेली होती. तेल काढायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं, म्हणजे तापल्यावर काचेसारखं घट्ट होणाऱ्या रसायनाचं पाणी ओतायचं आणि इंजिन कायमचं जाम होईपर्यंत चालवायचं. लोक हळहळले, चांगली इंजिनं मारली म्हणून ओरडले. मला विचाराल तर तेच बरोबर होतं. जर्मनीने त्याच वर्षी नऊ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 2500 युरो दिले, पाच अब्ज युरो त्यात घातले, पण कागदावर मोडलेल्या काही गाड्या गुपचूप परदेशात विकल्या गेल्या. म्हणजे धूर फक्त देश बदलून गेला. मोडायची तर डोळ्यांसमोर मोडा.

हो, मान्य आहे, अमेरिकेत पुढच्या महिन्यांत विक्री घसरली, कारण नंतर घेणारच होते त्यांनी आधी घेतल्या. नवी गाडी बनवायलाही पोलाद लागतं, वीज लागते, हेही मान्य. झालं? पण म्हणून जुनीच ओढत बसा, हे कुठलं शहाणपण! लंडनमध्ये तर गाडी मोडीत काढणाऱ्याला रकमेचा काही भाग म्हणून वर्षभराचा बसचा पास घ्यायचीही सोय ठेवली होती. गाडीच्या बदल्यात गाडीच घ्या, असं कोणी सांगितलंय?

आणि कृपा करून "जुन्या गाडीचा पत्रा बघा, आताच्या गाड्या म्हणजे डबे" हे मला कमेंटमध्ये लिहू नका. बाबाही बॉनेटवर थाप मारून हेच म्हणायचे. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने 2009 मध्येच एक चाचणी केली होती. 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मॅलिबू, दोन्ही ताशी 64 किलोमीटर वेगाने एकमेकींवर आदळवल्या. व्हिडिओ आहे, बघा. त्या जाड पत्र्याच्या गाडीत ड्रायव्हरची जागाच उरली नाही. मॅलिबूचं नाक पार चेपलं, पण आतली बसायची जागा शाबूत राहिली. बाबांना मी तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि काही न बोलता फोन परत दिला.

तरीही गाडी गेली नाही हं! गेली ती योजनेचा आकडा समोर आल्यावर. त्या रात्री बाबा कागद घेऊन बसले. एका बाजूला वर्षभराचा दुरुस्तीचा खर्च, दुसऱ्या बाजूला मिळणारी रक्कम. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देऊन टाकू." आईचा खोकला, माझं भांडण, तो व्हिडिओ, ह्या सगळ्यांनी जे झालं नाही ते एका आकड्याने झालं. मला आधी ह्याचा रागच आला होता. आता वाटतं, त्यांना हरल्यासारखं न वाटता सोडायला एक कारण हवं होतं, ते मिळालं.

मोडायच्या जागी मी त्यांच्याबरोबर गेले होते. आधी बॅटरी काढली, शिसं आणि ॲसिड असतं त्यात. मग खाली ट्रे लावून इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळं वेगवेगळं काढून घेतलं. रस्त्याकडेला गाडी फोडतात तिथे हेच सगळं मातीत जातं. बाबा शेवटपर्यंत उभे होते. गाडीच्या सांगाड्यातून कापून काढलेला चासिस नंबरचा तुकडा बघून एकदाच तोंड फिरवलं त्यांनी. आमच्या मेकॅनिकचं काम गेलं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि पोटाला चिमटा काढून जुनी गाडी चालवणाऱ्यांना जास्त रक्कम मिळायला हवी, ह्यावरही वाद नको.

त्यानंतर आम्ही गाडी घेतली नाही. बाबा बसने जातात. आईचा दमा गेला नाही, तो जात नाही. पण चौकट आता दर आठवड्याला पुसावी लागत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि बेल वाजली. दारात काका.

सकाळी मी जरा जास्तच बोलले होते, त्यामुळे मला वाटलं भांडायलाच आलेत. तर उभ्याउभ्याच म्हणाले, "किती मिळतात म्हणालीस?"

मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, काकूंना शेवटचं हॉस्पिटलमध्ये ह्याच गाडीतून नेलं होतं. रोज चालू करून ठेवतो कारण बंद पडली तर पुन्हा सुरू व्हायची नाही, ही भीती वाटते.

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहतो आम्ही. वर जे रागाने लिहिलंय ते मी खोडत नाहीये, बाळाच्या खिडकीत टॉवेल आजही कोंबलेला आहे. पण काकांना आत बसवलं. बाबांनी आतून कपाटातला गिअरचा गोळा आणून त्यांच्या हातात दिला. मोडायच्या जागी तेवढा काढून मागून घेतला होता त्यांनी, घासून घासून आकडे पुसलेला. काका तो अंगठ्याने चाचपत बसले होते.

"आरसा देतात का काढून?" त्यांनी विचारलं. "तिच्या बाजूचा?"

बाबा म्हणाले, "मागितला तर देतात. मी येतो तुमच्याबरोबर."